जमा कुणाच्या नावावर?

तुकोबांच्या गाथेत सालोमालो नावाच्या एका इसमाचा उल्लेख येतो. दुसऱ्याने रचलेले हा आपले म्हणून सांगतो, थोरामोठ्यांच्या वचनांची मोडतोड करून स्वतःला मिरवतो, अशी तुकोबांची तक्रार आहे. परंपरा असे सांगते की, अभंगाच्या शेवटी जिथे ‘तुका म्हणे’ येते तिथे हा गृहस्थ बेधडक आपले नाव घालीत असे. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटात हाच सालोमालो खलनायक म्हणून आला आणि घराघरांत पोचला. मराठीतला सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयचोर कोण, असे विचारले तर बहुतेकांच्या तोंडी आजही त्याचेच नाव येईल.

त्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की, बिचाऱ्याला कष्ट तरी घ्यावे लागत. आपल्या संतकवींनी नाव कवितेच्या बाहेर ठेवलेच नव्हते. नामा, जनी, चोखा, तुका ही नावे शेवटच्या चरणात अशी गुंफलेली, की नाव काढायचे तर चरण मोडावा लागे आणि नवे नाव बसवायचे तर छंद सांभाळावा लागे. छापखाना नव्हता, मुखपृष्ठ नव्हते, त्या काळात कवीने आपल्या रचनेवर केलेली ही सहीच होती. आज लेखाच्या डोक्यावरचे नाव लेखापासून वेगळे असते. बोटाने मजकूर निवडताना सुरुवात एक ओळ खालून केली की काम झाले. सालोमालोला रात्र जागवावी लागली असेल तिथे आपल्याला निमिषही लागत नाही.

या कथेला एक मजेदार पुरवणी आहे. त्याच चित्रपटातले ‘आधी बीज एकले’ हे गीत तुकोबांचे नाही. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. पण ते तुकोबांच्या वळणावर इतके बेमालूम उतरले, की अनेकांनी तो तुकोबांचाच अभंग मानला. इथे कुणी चोरी केली नव्हती. उलट श्रद्धेने गाणाऱ्यांनी ते श्रद्धास्थानाच्या पदरात टाकले, आणि आठवले यांचे नाव मात्र मागे राहिले. म्हणजे लेखकाचे नाव दोन वाटांनी नाहीसे होते: कुणी ते पुसतो म्हणून, आणि कुणी ते लिहीतच नाही म्हणून. इंटरनेट आल्यापासून ही दुसरी वाट हमरस्ता होऊन बसली आहे.

तुमच्या-आमच्या घरातलेच पाहू. सोसायटीच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघते. तिच्यात अष्टविनायकांवरचा लेख असतो, खाली ‘संकलन’ म्हणून एका सभासदाचे नाव असते, आणि छायाचित्राखाली ‘साभार : गुगल’ असे छापलेले असते. सातवीतल्या मुलाचा पर्यावरणाचा प्रकल्प रात्री दहानंतर आईवडिलांच्या मदतीने छापून निघतो. सकाळी फोन उघडावा तर एखादी कविता येते, खाली ‘लेखक अज्ञात’. एखादा चटकदार उतारा पु. ल. देशपांडे यांच्या नावावर येतो, तो वाचता वाचताच कळते की पुलंचा हात याला लागलेला नाही. या मंडळींपैकी कुणालाही चोर म्हणायला जीभ रेटत नाही, आणि म्हणूही नये. पण प्रत्येक ठिकाणी कुणाचे तरी काहीतरी गेलेले असते. काय गेले, हे नीट सांगायचे तर आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. बहुतेक गोंधळ त्या एकत्र कालवल्यामुळे होतो.

माझी उमेदीची वर्षे बँकेच्या खतावण्यांत गेली, म्हणून तिथलाच दाखला देतो. कुठलेही व्हाउचर हातात आले की आम्ही दोन गोष्टी पाहायचो. पहिली, रक्कम कुणाच्या नावे पडते आहे आणि कुणाच्या जमा होते आहे. दुसरी, खातेदाराची सही आहे का. खातेक्रमांक आणि नाव बिनचूक असेल, पण सही नसेल, तर पैसे मिळत नाहीत. सही अस्सल असेल, पण रक्कम भलत्याच खात्यात जमा झाली असेल, तर तोही घोटाळाच. एक गोष्ट बरोबर असली म्हणून दुसरी माफ होत नाही.

दुसऱ्याचे लिखाण वापरतानाही हेच दोन प्रश्न असतात. हे कुणाचे आहे ते सांगितले का? आणि वापरायला त्याची परवानगी आहे का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आले तर ते वाङ्मयचौर्य. दुसऱ्याचे ‘नाही’ आले तर तो स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा भंग. पहिला मुख्यतः नीतीचा मामला आहे, दुसरा कायद्याचा. केशवसुत १९०५ साली गेले. त्यांच्या कवितांवर आज कुणाचा स्वामित्वहक्क नाही. तरीही त्यांची कविता कुणी स्वतःच्या नावाने संमेलनात वाचली, तर ते वाङ्मयचौर्य आहेच. याच्या उलट, हयात लेखकाची अख्खी कथा कुणी त्याच्या नावासकट, वर ‘आदरणीय’ लावून, स्मरणिकेत छापली, पण त्याला विचारले नाही. तर वाङ्मयचौर्य झाले नाही, पण हक्कभंग झाला. ‘आम्ही नाव दिले होते की!’ हा बचाव इथे चालत नाही. नाव बरोबर लिहिले म्हणून बँक तुम्हाला दुसऱ्याच्या खात्यातले पैसे देत नाही.

‘पण ते इंटरनेटवर होते’ हे दुसरे पेटंट उत्तर. होते, म्हणजे दिसत होते. बँकेच्या रोखपालासमोर नोटांच्या थप्प्या सगळ्यांना दिसतात. काचेतून दिसतात म्हणून त्या सार्वजनिक होत नाहीत. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ सालचा, पुढे अनेकदा सुधारलेला. त्यातली महत्त्वाची सुधारणा २०१२ची. या कायद्याने हक्क मिळतो तो मूळ कृती तयार होताच. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, गोलातले इंग्रजी ‘सी’ चिन्ह छापलेले असलेच पाहिजे असेही नाही. लेख, कविता, छायाचित्र, चित्र, चाल, ध्वनिमुद्रण, चित्रपट, सगळे त्यात येते. आणि प्रती काढण्याच्या हक्कात इलेक्ट्रॉनिक साठवणही येते. भाषांतर आणि रूपांतर करण्याचा हक्कही मूळ लेखकाचाच. म्हणजे इंग्रजी लेख मराठीत आणला की तो आपला झाला, ही समजूतही काढून टाकायला हवी. भाषांतराचे कष्ट आपले. पण ते करू देण्याचा अधिकार मूळ लेखकाचा.

आणि ‘साभार : गुगल’? वाचनालयातून पुस्तक आणले म्हणून आपण लेखक म्हणून ग्रंथपालाचे नाव लिहीत नाही. शोधयंत्राने छायाचित्र दाखवले. काढले दुसऱ्याच कुणी. तो माणूस पहाटे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर थंडीत कुडकुडत उभा राहिला असेल, आणि आभार मात्र वाट दाखवणाऱ्याचे! ज्या पानावर चित्र सापडले ते उघडावे, छायाचित्रकाराचे नाव शोधावे आणि अटी काय आहेत त्या वाचाव्यात. एवढे करूनही नाव सापडले नाही तर दुसरे चित्र घ्यावे.

वाचक म्हणतील, मग काही वापरायचेच नाही का? वापरायचे, भरपूर वापरायचे. कायद्याने जितके अडवले आहे त्यापेक्षा मोकळे कितीतरी जास्त ठेवले आहे, आणि ते आपल्याला माहीत नसते.

पहिली मोकळीक काळाची. आपल्याकडे साहित्यकृतीवरचा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून ६० वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले, त्यांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता. त्या वेळी मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. तेव्हा १ जानेवारी २०११पासून ‘श्यामची आई’ सर्वांची झाली. बहिणाबाई चौधरींची गोष्ट थोडी निराळी. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतीची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. त्या हिशेबाने ती मुदत २०१२ अखेर संपली. पुलं २००० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०६०च्या अखेरपर्यंत हक्काखाली राहील.

मात्र इथे एक पायरी निसरडी आहे. तुकोबांचा अभंग सर्वांचा. पण तो पंडित भीमसेन जोशी यांच्या आवाजात ज्या तबकडीवर मुद्रित झाला, त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. तोही प्रकाशनापासून ६० वर्षे चालतो. अभंगाची चाल नव्याने बांधली असेल तर संगीतकाराचा हक्क आणखी निराळा. नातीच्या नाचाची चित्रफीत सर्वांसाठी ठेवली आणि काही तासांत तिचा आवाज बंद झाला, असा अनुभव पुष्कळांना येतो, तो यामुळेच. शब्द मोकळे, पण सूर बांधलेले. जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीचेही तसेच आहे: मूळ ओव्या मोकळ्या, पण संपादकाने लिहिलेली प्रस्तावना आणि टीपा त्याच्या.

दुसरी मोकळीक कल्पनेची. स्वामित्वहक्क असतो तो मांडणीवर. विषयावर, कल्पनेवर, इतिहासातल्या घटनेवर नसतो. आर. जी. आनंद यांनी ‘हम हिंदुस्थानी’ हे प्रांताभिमानावरचे नाटक लिहिले होते. १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्यात पंजाबी आणि मद्रासी कुटुंबांतले प्रेम हाच धागा होता. आनंद न्यायालयात गेले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, विषय एक असला तरी मांडणी वेगळी असेल तर हक्कभंग होत नाही. मुलांना हे आवर्जून सांगावे. पानिपतावर कुणी आधी कादंबरी लिहिली म्हणून पानिपत त्याचे होत नाही. माहिती घ्या, कल्पना घ्या, त्यांवर विचार करा; शब्द मात्र तुमचे असू द्या.

तिसरी मोकळीक कायद्याच्या कलम ५२मधली. स्वतःच्या वाचनासाठी वा संशोधनासाठी, टीका वा परीक्षण करण्यासाठी, चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी दुसऱ्याच्या कृतीचा वाजवी वापर करता येतो. कवितेवर लेख लिहिताना चार ओळी उद्धृत करणे हा समीक्षकाचा हक्क आहे, उपकार नव्हे. शिक्षक आणि विद्यार्थ्यांना अध्यापनाच्या ओघात याहूनही सैल हात दिला आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशनसंस्थांनी २०१२ साली दावा लावला होता. पुस्तकांतली प्रकरणे एकत्र करून अभ्यासाचे संच विकले जात होते. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूचा अर्थ लावला: अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या प्रती काढता येतात. न्यायालयांचे निकाल आणि राजपत्रातला मजकूर छापायलाही कायद्याची आडकाठी नाही.

वाजवी म्हणजे किती, याचा आकडा मात्र कायद्याने दिलेला नाही. ‘दहा टक्क्यांपर्यंत चालते’ असे जे म्हणतात, त्याचे मूळ बहुधा दुसरीकडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. त्यांत प्रबंधातले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. चाळीस ते साठ असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करायला बंदी. आणि साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. हे मोजमाप पदवीपुरते, विद्यापीठापुरते. दहा ओळींच्या कवितेतल्या दोन ओळी म्हणजे वीस टक्के होतात, आणि हजार पानांच्या ग्रंथातली पन्नास पाने म्हणजे अवघे पाच टक्के. कुणाचे नुकसान जास्त, हे टक्क्यांनी कसे ठरणार? किती घेतले, कशासाठी घेतले, आणि आपली प्रत हाती आल्यावर मूळ पुस्तकाची गरज उरली का, असे प्रश्न विचारावे लागतात.

आता चौथी मोकळीक, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते. अनेक लेखक-छायाचित्रकार आपणहोऊन काम मोकळे करतात. २००१ साली स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेने त्यासाठी ठरावीक परवाने तयार केले. त्यांतला एक म्हणतो, नाव द्या आणि वापरा. दुसरा म्हणतो, नाव द्या, वापरा, पण तुम्ही जे तयार कराल तेही याच अटीवर इतरांना द्या. तिसरा म्हणतो, धंद्यासाठी नको. चौथा म्हणतो, बदल करू नका. २००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियातला मजकूर यांतल्या दुसऱ्या प्रकारचा आहे. तो फुकट आहे, पण बिनशर्त नाही. नाव न देता उचलला तर परवान्याचा भंग होतो. ‘विकिमीडिया कॉमन्स’वर लाखो छायाचित्रे आहेत, आणि प्रत्येकाच्या पानावर काढणाऱ्याचे नाव व परवाना लिहिलेला असतो. स्मरणिकेसाठी चित्र हवे असेल तर शोधयंत्राच्या गर्दीपेक्षा हा दरवाजा बरा.

एवढे असूनही कधीकधी नेमके तेच लिखाण हवे असते जे हक्काखाली आहे. मग सरळ विचारावे. पत्रात पाच गोष्टी लिहाव्यात: कोणता मजकूर, त्यातला किती भाग, कुठे छापणार, किती प्रती निघणार, आणि अंक विक्रीचा की फुकट वाटायचा. इंटरनेटवरही ठेवणार असाल तर तसे सांगावे. परवानगी लेखी घ्यावी, ई-मेल पुरते. उत्तर आले नाही तर तो होकार समजू नये. लेखक हयात नसेल तर प्रकाशकाकडून वारसांचा पत्ता मिळवावा. माझा अनुभव असा की, संस्थेच्या फुकट अंकासाठी कुणी विचारले तर शंभरातले नव्वद लेखक आनंदाने हो म्हणतात. लेखकाला पैशापेक्षा विचारल्याचे समाधान मोठे असते.

न विचारल्यावर काय वाटते, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका एका स्नेह्याने आणून दिली. त्यात माझ्या एका कादंबरीतली अडीच पाने होती. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात काढलेल्या रात्रींवर ते प्रकरण बेतलेले आहे. खाली नाव दुसऱ्याच एका गृहस्थांचे, ‘संकलन’ म्हणून. त्याहून विशेष म्हणजे शेवट बदललेला. माझ्या कादंबरीतली म्हातारी जाते, स्मरणिकेतली बरी होऊन घरी येते. मी फोन केला. तिकडचे संपादक अगदी अदबीने म्हणाले, “साहेब, आम्हाला ते मोबाइलवर आले होते, नाव नव्हते. आणि आनंदाच्या अंकात दुःखद शेवट बरा दिसत नाही, म्हणून जरासा बदल केला. उलट तुमची प्रसिद्धीच झाली की!” माझे नाव कुठेच नव्हते, तेव्हा प्रसिद्धी कुणाची झाली, हे मी त्यांना विचारले नाही. मानधनाचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. मला एवढेच वाटत राहिले की, जी रात्र मी जागलो तिच्यावर दुसऱ्याचे नाव आहे, आणि माझी आई त्यांनी परस्पर बरी करून टाकली आहे.

या वाटण्याला कायद्यातही जागा आहे. कलम ५७ म्हणते की, लेखकाने आपला आर्थिक हक्क विकून टाकला असला तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा, आणि तिची नामुष्की होईल अशी मोडतोड रोखण्याचा त्याचा हक्क कायम राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प दिल्लीच्या विज्ञान भवनात होते. १९७९ साली ते भिंतीवरून उतरवून गोदामात टाकले गेले. शिल्प सरकारने विकत घेतलेले होते, मालकी सरकारची होती; तरीही दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्प परत करायला सांगितले आणि पाच लाख रुपये भरपाई मंजूर केली. आपल्याकडे ही जाण जुनी आहे. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या तीनशे वर्षांत नकला करणाऱ्यांनी तिच्यात बरीच भर घातली होती. काम संपवताना नाथांनी बजावून ठेवले की, या ग्रंथात स्वतःची ओवी घालणे म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवणे होय. स्वतः कवी असलेल्या माणसाने घातलेले हे कुंपण आहे.

राहिला प्रश्न ‘लेखक अज्ञात’चा. बँकेत एखादी रक्कम कुणाची ते कळले नाही, तर ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवायचो. बँकेच्या नफ्यात ती घेता येत नसे. दहा वर्षे कुणी हात न लावलेल्या ठेवी २०१४च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे जातात. आणि तिथे गेल्यावरही खातेदार वा त्याचा वारस आला, तर पैसे त्याचेच. मालक सापडत नाही म्हणजे मालक नाही, असा अर्थ कुणी काढत नाही. लेखनाच्या बाबतीतही कायद्याने कलम ३१अ मध्ये अशी सोय ठेवली आहे: लेखक अज्ञात असेल किंवा सापडत नसेल तर रीतसर अर्ज करून प्रकाशनाचा परवाना मागता येतो. घरगुती व्यवहारात एवढे लांब जायची गरज नाही. कविता पुढे पाठवण्याआधी तिची पहिली ओळ शोधून पाहावी; दोन मिनिटांत बरेचदा कवीचे नाव सापडते. सापडले तर घालून पाठवावे. नाही सापडले तर निदान पुलं, कुसुमाग्रज यांच्या माथी मारू नये. भलत्याच्या खात्यात जमा करणे हाही घोटाळाच.

अलीकडे प्रश्न विचारला की निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. कुणाकुणाचे लेखन वाचून ती शहाणी झाली, यावरून देशोदेशी वाद चालू झाले. आपल्याकडे एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआय या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. कायद्याने काय ठरायचे ते ठरेल. आपल्यापुरते दोन नियम पुरेत. यंत्राची मदत घेतली असेल तर तसे सांगावे. आणि त्याने दिलेले पुस्तकाचे नाव, पृष्ठांक, अवतरण स्वतः तपासल्याशिवाय लिहू नये. कारण अस्तित्वात नसलेले पुस्तकही ते अगदी ठामपणे पुढे करते.

शेवटी मुलांविषयी. वाङ्मयचौर्याची सवय प्रबंध लिहिताना लागत नाही. ती सातवीच्या प्रकल्पवहीत, आपल्या देखत लागते. रात्री दहा वाजता छापून दिलेल्या चार पानांना शाळेत चांगला शेरा मिळाला की, मुलाच्या मनात नोंद होते की असेच करायचे असते. त्याऐवजी त्याला एक साधी पद्धत शिकवावी. वाचताना वहीत टिपण काढायचे. जे शब्दशः उतरवले ते अवतरणचिन्हांत, आणि शेजारी त्याच क्षणी कुठून घेतले ते व तारीख लिहायची. नंतर लिहू म्हटले की राहते. मग पुस्तक मिटायचे, पडदा बंद करायचा, आणि जे समजले ते आजीला सांगावे तसे लिहायचे. समोर मजकूर ठेवून ‘पाणी’च्या जागी ‘जल’ आणि ‘झाड’च्या जागी ‘वृक्ष’ केले, तर ते आपले लेखन होत नाही; सालोमालोनेही तेवढेच केले होते. प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर ‘ही माहिती मी इथून घेतली’ अशी पाच-सहा ओळींची यादी असावी. चार पानांची दोनच होतील, वाक्ये ओबडधोबड असतील, कदाचित एखादा गुण कमी पडेल. पण त्या दोन पानांवर त्याने स्वतःचे नाव घातले, तर त्यावर बोट ठेवायला कुणाला जागा उरणार नाही.